पडदा हवा, पार्किंग कशाला?

वांद्र्याचं ड्राइव्ह-इन थिएटर, म्हणजे मोटारीसकट आत जाऊन उघड्यावर सिनेमा पाहायची जागा, बंद पडून वीस वर्षं उलटली, तरी त्याच्यावरून वडोदऱ्यात अजून भांडणं होतात. इथल्या मराठी घरांचं निम्मं गणगोत मुंबईला. सुट्टीत मामाच्या नाहीतर काकाच्या फियाटमधून वांद्र्याला सिनेमा पाहिल्याची आठवण पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांकडे असते, आणि ज्यांच्याकडे ती नसते त्यांच्याकडे अहमदाबादची असते. दांडिया बाजारात चार माणसं जमून जुन्या टॉकीजचा विषय निघाला की पुढचे संवाद पाठ म्हणावेत इतके ठरलेले. एक पक्ष म्हणतो, मल्टिप्लेक्सवाल्यांनी आणि बिल्डरांनी मिळून एक सुंदर गोष्ट मारली. आता वडोदऱ्याने तरी शहराच्या कडेला, भायलीच्या पलीकडे कुठेतरी एक ड्राइव्ह-इन उभं करून दाखवावं. दुसरा म्हणतो, गाडीवाल्यांचे चोचले होते, गेले ते बरं झालं, आणि हातात मोबाइल असताना पडदा हवाय कुणाला? मग आवाज चढतात, चहा येतो आणि विषय क्रिकेटवर जातो.

माझं म्हणणं असं की दोघंही मोटारीवर भांडतात आणि पडद्याकडे पाहत नाहीत. आपल्याकडच्या लोकांना ड्राइव्ह-इनमध्ये आवडलं ते उघड्या आभाळाखाली, पाय पसरून, डबा उघडून, सगळ्या खटल्यासह पाहिलेला सिनेमा. मोटार ही तिथवर पोचायची सोय होती. थिएटर बंद पडलं ते जमिनीच्या हिशोबाने, आणि तो हिशोब पहिल्या खेळाच्या आधीच मांडलेला होता. खासगी ड्राइव्ह-इन पुन्हा मागणं म्हणजे तोच हिशोब पुन्हा मांडायला सांगणं. मागायचंच असेल तर सार्वजनिक बागेत पडदा मागावा. आणि ते मागण्याचा हक्क वडोदऱ्याइतका फार थोड्या शहरांना आहे. तो कसा, ते पुढे सांगतो.

ड्राइव्ह-इन मुळात सिनेमावाल्याच्या डोक्यातून निघालेलंच नाही. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचे रिचर्ड हॉलिंग्सहेड यांच्या घरचा धंदा मोटारीला लागणाऱ्या मालाचा. मंदीच्या त्या वर्षांत त्यांनी घरापुढे मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, दोन झाडांना चादर ठोकली, चादरीमागे रेडिओ लावला, आणि पावसात काय दिसेल ते पाहायला बागेतला फवारा गाडीवर सोडला. मे १९३३मध्ये त्यांना पेटंट मिळालं, ६ जूनला थिएटर सुरू झालं. दर मोटारीमागे २५ सेंट, माणसामागे २५ सेंट, सगळ्या गाडीचा मिळून फार तर एक डॉलर. मुलं कितीही दंगा करोत, सगळं घर घेऊन या, अशा अर्थाची त्यांची जाहिरात होती. ड्राइव्ह-इनप्रेमी मंडळी हा किस्सा रंगवून सांगतात आणि इथेच थांबतात. पुढचा भाग असा की जगातलं हे पहिलं ड्राइव्ह-इन तीनेक वर्षंच चाललं. पेटंट तर १९४९मध्ये कोर्टात टिकलंही नाही. गाड्या कमानीत, उतारावर उभ्या करण्यात शोध तो काय, असं न्यायालयाला वाटलं.

कल्पना मात्र फोफावली. महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरं वाढली, घरटी मोटार आली, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथे चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती. आज उरली आहेत तीनशेच्या आसपास. ती का गेली याची उत्तरं पुष्कळ आहेत. घरात रंगीत टीव्ही आला, मग व्हिडिओ आला, तेलाच्या संकटानंतर मोटारी आखूड झाल्या, १९६६च्या कायद्याने उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे सरकली आणि अंधार पडायलाच उशीर होऊ लागला. ही सगळी कारणं खरी. पण त्या सगळ्यांच्या खाली जमीन आहे. ड्राइव्ह-इन नेहमी गावाबाहेर, पडीक जागेवर उभं राहतं, कारण तेवढी मोठी जागा परवडते ती तिथेच. गाव वाढत वाढत तिथवर येतं आणि ज्या वस्तीने थिएटरला गिऱ्हाईक दिलं तीच वस्ती त्या जागेचा भाव चढवते. मालकाच्या बाजूने पाहा. जागा पिकेपर्यंत तिच्यावर कर भरावा लागतो, राखणदार लागतो. तेवढ्या काळात तिकिटं आणि खाणं विकून खर्च निघत असेल तर सोन्याहून पिवळं. जागा पिकली की थिएटरचं काम संपलं. यात खलनायक कोण?

मल्टिप्लेक्सला खलनायक ठरवणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. आपल्याकडचं पहिलं मल्टिप्लेक्स दिल्लीत साकेतला १९९७मध्ये आलं. अमेरिकेतली ड्राइव्ह-इन त्याच्या दोन-अडीच दशकं आधीपासून धडाधड बंद पडत होती. मात्र या पक्षाचा एक मुद्दा मान्य करायलाच हवा, आणि तो लहान नाही. सरकारांनी तराजूत हात घातला होता. महाराष्ट्राने २००१मध्ये मल्टिप्लेक्सना करमणूक करात घसघशीत माफी दिली, आणि जुन्या एकपडदा टॉकीजच्या तिकिटावर कर तसाच राहिला. तो अन्याय होता. पण त्याचा मार खाल्ला तो गावातल्या टॉकीजने, ज्यांना दिवसाला चार खेळ करून तग धरायचा होता. ड्राइव्ह-इनला दिवसाचे खेळ नव्हतेच. आमच्याकडे जूनमध्ये सूर्य सव्वासातनंतर मावळतो, तेव्हा पावसाळ्याचे दिवस वगळले तरी रात्रीला एक, फार तर दोन खेळ. कर शून्य केला असता तरी वांद्र्याच्या त्या जागेला रात्रीच्या दोन खेळांचं उत्पन्न पुरलं असतं का?

ती जागा कुठली, हेही विसरलं जातं. कलानगरच्या पलीकडे मिठी नदीकाठची दलदल. त्या पट्ट्यात वांद्रे-कुर्ला व्यापारी संकुल, म्हणजे आजचं बीकेसी, आखायला १९७७मध्ये एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाला, खास नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं, आणि ड्राइव्ह-इन सुरू झालं ते त्याच सत्तरच्या दशकात. म्हणजे एकीकडे पडद्यावर नायक-नायिका झाडांभोवती फिरत होते आणि दुसरीकडे त्याच चिखलाचा नकाशा कागदावर उतरत होता. शेअर बाजार आला, बँकांची मुख्य कार्यालयं आली, पुढे हिरेबाजार आला. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच थिएटर बंद पडलं. अशा जागी मोटारी उभ्या करून सिनेमा दाखवणं इतकी वर्षं चाललं, याचंच खरं तर नवल करायला हवं. २०२१च्या दिवाळीत त्याच बीकेसीत मॉलच्या गच्चीवर २९० मोटारींचं नवं ड्राइव्ह-इन निघालं. हळहळणाऱ्यांची इच्छा पुरी झाली म्हणायची. जमिनीवर परवडेना म्हणून पडदा गच्चीवर गेला, आणि खालच्या दुकानांची शोभा झाला. भायलीलाही दहा-पंधरा वर्षांत हेच होईल, फक्त मॉल लहान असेल.

आता दुसरा पक्ष, चोचलेवाल्यांचा. त्यांचा मुद्दा वरवर बिनतोड आहे. अहमदाबादेत थलतेजला ड्राइव्ह-इन उघडलं ते १९७३मध्ये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोल महाग झालं. त्या काळी या देशात मोटार म्हणजे अँबॅसेडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड, आणि त्यांच्यासाठीही वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. अशा देशात साडेसहाशेच्या आसपास मोटारींचं थिएटर काढणं हा शुद्ध वेडेपणा वाटावा. पण ते चाललं, दशकानुदशकं चाललं, इतकं की त्या भागातल्या रस्त्याचं नावच ड्राइव्ह-इन रोड पडलं. एवढ्या मोटारी नव्हत्या तर चाललं कसं?

चाललं ते खाली बसणाऱ्यांच्या जिवावर. तिथे गेलेल्या कुणालाही विचारा. चटया, गाद्या, घडीच्या खुर्च्या, ढोकळ्याचे डबे, थंड पाण्याच्या कोठ्या. गाडी असलेलेसुद्धा गाडीतून बाहेर पडून तिच्यापुढे सतरंजी अंथरायचे. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांच्यासाठी बसायची वेगळी सोय होती. अमेरिकेत लोक गाडीतच बसत, म्हणून तर तिथे ध्वनीचा मोठा प्रश्न झाला आणि प्रत्येक गाडीच्या खिडकीला छोटा कर्णा टांगायची युक्ती निघाली. गुजरातेत माणसांनी काय केलं? दार उघडलं, आणि बाहेर येऊन बसली. पुढे डिसेंबर १९८३मध्ये मारुती आली, मध्यमवर्गाच्या दारात गाड्या लागल्या. गाड्या मूठभर होत्या तेव्हा आपल्याकडे ड्राइव्ह-इन उघडली आणि भरली. गाड्यांचा पूर आला त्याच सुमाराला वांद्र्याचं बंद पडलं. मोटार हा त्या गोष्टीचा प्राण असता तर उलटं घडायला हवं होतं. म्हणून श्रीमंती चोचला हा आरोप नकाशावर लागू होतो, मैदानावर होत नाही.

गाडीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला थांबवतो. तान्ह्या बाळाची आई, गुडघे धरलेली आजी, चाकाच्या खुर्चीतला मुलगा, ज्यांना अंधाऱ्या सभागृहात दीडशे डोळे वळून पाहतात, त्यांना गाडी म्हणजे हक्काची खोली होती. मूल रडलं तर रडलं. बायकांना तिथे अनोळखी कोपर लागत नसे. हॉलिंग्सहेडच्या जाहिरातीतली खरी गोष्ट ही आणि ती आजही खरी आहे. पण एवढ्यासाठी सगळ्या मैदानाची वाहनतळ करायची? नगररचनेच्या हिशोबात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीला, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेसकट, साधारण २३ चौरस मीटर जागा धरतात. सहाशे मोटारींना झाले १३,८०० चौरस मीटर, म्हणजे साडेतीन एकरांच्या जवळ, पडदा आणि कँटीन वेगळं. गाडीत तीन माणसं धरली तर अठराशे प्रेक्षक. त्याच जागेत माणसाला एक ऐसपैस चौरस मीटर दिला तर तेरा हजारांहून जास्त बसतात. कडेने पन्नास गाड्यांची एक रांग ठेवा, आजीसाठी आणि बाळासाठी. तेवढ्याला कुणाचीच हरकत नसावी.

आता वडोदऱ्याच्या हक्काबद्दल. हॉलिंग्सहेडने चादर ठोकली त्याच्या वीसेक वर्षं आधी या संस्थानात रात्री मोकळ्यावर पडदे लागत होते, आणि तेही फुकट. सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग शिकलेल्या माणसाने वाचायचं काय, म्हणून १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना बोलावून ग्रंथालय खातं उभारलं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातल्या काचेच्या फरशा आणि लोखंडी मांडण्या पाहायला बाहेरून लोक येतात. त्याच खात्याने गावोगाव फिरत्या पेट्यांतून पुस्तकं पाठवली, हेही शाळेत शिकवतात. पण या खात्याला आणखी एक शाखा होती, दृश्य शिक्षणाची, आणि तिची आठवण आमच्यात कुणी काढत नाही. जादूच्या कंदिलाच्या काचा, त्रिमितीय चित्रं पाहायची यंत्रं आणि चक्क सिनेमाची यंत्रं घेऊन खात्याची माणसं खेड्यांत जात आणि दाखवत. बोर्डेन १९१३मध्ये परत गेले, त्यांच्यानंतर खातं सांभाळणाऱ्या कुडाळकरांनी काम पुढे चालवलं. १९१३ म्हणजे ज्या वर्षी दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला चित्रपट लोकांपुढे आणला ते वर्ष. फाळके वडोदऱ्यातल्या आमच्या कलाभवन या संस्थेत शिकून गेलेले. ते आपल्या चित्रपटाच्या पेट्या बैलगाडीत घालून गावोगाव हिंडत होते तेव्हा इथे सरकारी खर्चाने पडदा गावच्या चौकात पोचला होता. ज्याला वाचता येत नाही त्यालाही बघता येतं, एवढा साधा तर्क त्यामागे होता.

यावर शहाणा वाचक लगेच म्हणेल, आणि म्हणायलाच हवं: ते करमणुकीसाठी नव्हतं. रयतेने काय पाहावं हे महाराज ठरवत होते. शेतीचं, आरोग्याचं, दूरदेशीच्या शहरांचं. पाहा आणि सुधारा. हे खरं आहे. आज महानगरपालिकेच्या हातात पडदा दिला तर आधी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग योजनांच्या जाहिराती, आणि मध्येच कुठेतरी सिनेमा, ही भीती मलाही वाटते. माझ्या मागणीवरचा सगळ्यात जड आक्षेप तोच आहे. त्याला उत्तर आहे ते आपल्याच दुसऱ्या एका परंपरेत. जत्रेतला तंबू आठवा. पुसेगावच्या यात्रेत फिरत्या टॉकीजचे तंबू लागत तेव्हा तिथे काय दाखवायचं हे कुठलं खातं सांगत नव्हतं. तिकीट काढून जमिनीवर बसलेलं पब्लिक सांगत होतं. आवडलं नाही तर पुढचा खेळ रिकामा. गणेशोत्सवात रस्त्यावर आडवा पडदा बांधून १६ मिलिमीटरचे सिनेमे लागायचे तेव्हा वर्गणी देणाऱ्या गल्लीनेच सिनेमा निवडलेला असायचा. अर्धी गल्ली पडद्याच्या उलट्या बाजूला बसायची आणि तिला नायक डावखुरा दिसायचा, त्याचंही कुणाला काही वाटत नसे. तेव्हा जागा, वीज आणि बंदोबस्त पालिकेचा; निवड तिकीट घेणाऱ्यांची; आणि तिकीट हवंच, भले ते सेव-उसळीच्या एका प्लेटीएवढं असो. फुकट दिलं की देणारा भाषण करतो.

खर्चाचं काय, हा नेहमीचा प्रश्न. वडोदऱ्याची सार्वजनिक कमाटीबाग १८७९पासून आहे. तिथल्या बँडस्टँडने आजवर तिकीटविक्रीतून किती कमावलं, हे कुणी विचारलंय का? बागेची जमीन आज विकायला काढली तर काय भाव येईल, हा प्रश्न मनात आला तरी आपण जीभ चावतो. वांद्र्याच्या त्या मैदानाबाबत मात्र तोच प्रश्न सगळ्यांना अगदी स्वाभाविक वाटला. बाग ही शहराची गरज आणि पडदा हा मालकाचा धंदा, अशी फाळणी आपण डोक्यातच करून ठेवली आहे. बँडस्टँड बांधणाऱ्यांनी ती केलेली नव्हती. संध्याकाळी मोकळ्या हवेत चार माणसांबरोबर संगीत ऐकणं ही त्यांना नळाच्या पाण्याइतकीच पुरवण्याजोगी गोष्ट वाटली.

आणि गर्दी? उघड्यावर रात्री हजारो माणसं, बायकामुलं, अंधार, दंगा होईल, असं सांगणारे लोक वडोदऱ्यात राहतात हे ऐकून मला हसू येतं. हे शहर दर नवरात्रात नऊ रात्री एकेका मैदानावर हजारोंना गोल फिरवतं. पास, रांगा, पार्किंग, पोलीस, रुग्णवाहिका, ध्वनीची वेळ, सगळं पाठ आहे. मुली मध्यरात्री दागिने घालून घरी परततात. गरब्यात पाच-पाच तास नाचणाऱ्यांना सांभाळणारं शहर अडीच तास खाली बसलेल्यांना सांभाळू शकणार नाही?

मोबाइलचा मुद्दाही त्याच मैदानावर सुटतो. गरब्याची गाणी प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. तरी लोक पैसे भरून मैदानावर जातात. २०२०मध्ये घरात कोंडलेल्या जगाला ड्राइव्ह-इनची आठवण आली, जिथे तिथे तात्पुरते पडदे लागले. दारं उघडल्यावर त्यातले बरेचसे उतरले हे मान्य. पण घरात प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा असतानाही माणसं अंतर राखून का होईना एकाच पडद्यासमोर येऊन थांबली, हे त्या वर्षाने दाखवलंच.

म्हणून ड्राइव्ह-इनसाठी जमीन शोधत फिरणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की जमीन शोधू नका. ती आहे. दिवाळी ते होळी आमची हवा कोरडी आणि थंड असते, काळोख लवकर होतो, आणि उद्यानं रात्री कुलूप लावून झोपतात. एका उद्यानात, आठवड्यातून एक रात्र, एक पडदा. चित्रपट मराठी, गुजराती, हिंदी आळीपाळीने. माझी एकच अट आहे, आणि ती पडद्याच्या मापाबद्दल किंवा ध्वनीयंत्रणेबद्दल नाही: आधी बायकांसाठी स्वच्छ, दिवा असलेली, पाणी असलेली स्वच्छतागृहं बांधा. त्यांच्याशिवाय पहिल्या रात्री मैदान भरेल, आणि तिसऱ्या आठवड्यापासून तिथे फक्त पुरुष बसलेले असतील.